खंडेनवमीची दुनळी आणि नातीची पहिली बंदूक

गेल्या खंडेनवमीला आमच्या घरी नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा मांडली होती. विळे, खुरपी, कोयते, ट्रॅक्टरची चावी आणि मागे भिंतीला टेकवून दोन बंदुका. एक आमच्या आजोबांची ठासणीची, दुसरी आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, दुनळी. दोघींना झेंडूची माळ. आरती झाल्यावर चौदा वर्षांची नात दुनळीकडे बघत म्हणाली, "आज्जा, ही मला मिळंल काय? मला क्ले मारायला शिकायचंय."

मी हसलो, आणि मग हसू आवरले. कारण मुलगी थट्टा करत नव्हती. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी रायफलमध्ये कांस्यपदक आणले, तेव्हापासून कोल्हापूर-निपाणी पट्ट्यातल्या निम्म्या पोरांना नेमबाज व्हायचे आहे. आमची नातही त्यातलीच. पण सुट्टीत हैदराबादला मामाकडे गेली असताना तिने विद्यापीठ परिसरातल्या रेंजवर हवेत उडणारी चकती फुटताना पाहिली, आणि रायफल बाजूला पडली. घरात बारा बोअरची बंदूक आहे, चकती बारा बोअरनेच मारतात, मग अडचण कसली, असा तिचा साधा हिशोब.

तो हिशोब का जुळत नाही, हे तिला समजावताना मलाच आपल्या भागातल्या बंदुकीचा इतिहास नव्याने उलगडावा लागला. मंडळाच्या बैठकीत त्याबद्दल थोडे बोललो होतो. सभासदांनी लिहून द्या म्हटले, म्हणून हा लेख. नवशिक्या पोराला पहिली बंदूक कोणती घ्यावी, एवढाच खरे तर प्रश्न आहे. पण आपल्याकडे कुणाच्या हातात कोणती बंदूक असावी, हे आजवर कुणी ठरवले, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर नीट देता येत नाही.

बंदूक ठेवायची कुणी?

बंदूक आपल्या भागाला नवी नाही. काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले, आणि गोवा इथून किती लांब? निपाणीकर देसायांच्या पदरी शिबंदी होती, कित्तूरच्या संस्थानाकडे होती. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला तो बंदुकीच्या गोळीनेच. त्या काळात गावच्या पाटलापासून वाटसरूंच्या तांड्यापर्यंत ज्याला परवडेल तो तोड्याची बंदूक बाळगी. परवाना हा शब्दच बंदुकीला लागू नव्हता.

तो लागू झाला १८५७ मध्ये. उठाव सुरू झाल्यावर सरकारने हत्यारे नोंदवा आणि जमा करा असा कायदा केला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी ते नाकारले. हत्यार हे त्यांच्या पोटापाण्याचे आणि प्रतिष्ठेचे साधन. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस फौज हलगलीवर चालून गेली. शंभराच्या आसपास माणसे मारली गेली आणि डिसेंबरात १९ जणांना मुधोळ आणि हलगली इथे फाशी दिले. त्यांच्यावरची कानडी लावणी आजही गायली जाते. पुढच्याच वर्षी नरगुंदचे भास्करराव उर्फ बाबासाहेब भावे उठले. त्यांच्या रागामागे दत्तक नाकारल्याचे दुःख होते, तसाच तोफा-दारूगोळा सरकारजमा करण्याचा हुकूमही होता. १२ जून १८५८ ला त्यांना बेळगावात फाशी दिले.

त्यानंतर १८६० चा आणि मग लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा आला. गोऱ्याला परवान्याची गरज नाही आणि देशी माणसाला आहे, असा उघड भेद त्यात होता. काँग्रेसने वर्षानुवर्षे त्याविरुद्ध ठराव केले. १९२० च्या नियमांनी हा वर्णभेद कागदावरून गेला, परवाना मात्र राहिला.

याच कर्नाटकात कोडगूची गोष्ट वेगळी. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा जमीन धारण करणाऱ्यांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट मिळाली आणि ती आजही चालू आहे. त्यांच्या कैलपोळ्द सणात बंदुकीची पूजा होते आणि झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरायच्या स्पर्धा लागतात. पोरीबाळीही त्यात उतरतात. आपल्या खंडेनवमीला बंदुकीची पूजा होते, पण माळ घालून ती परत कपाटात जाते. एका राज्याच्या दोन टोकांना हा एवढा फरक पडला, त्याचे कारण १८५७ नंतर कुणावर सरकारचा विश्वास होता आणि कुणावर नव्हता, यात शोधावे लागते.

पिकाची बंदूक

आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक या कायद्याच्या राज्यातली. वेदगंगेच्या काठी आमचे रान. तंबाखूला डुक्कर फारसे तोंड लावत नाही, पण शाळू, भुईमूग आणि पुढे ऊस आला तसा रानडुकरांचा त्रास वाढला. अशा शेतकऱ्याला सरकार पीकसंरक्षणासाठी परवाना देई. १९४० च्या दशकात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम निघाली, तेव्हा अशा परवान्यांची संख्या देशभर वाढली. त्या बंदुकांनी जंगलातली जनावरेही बेसुमार मारली गेली, ही तक्रार तेव्हाच्या निसर्ग अभ्यासकांनी करून ठेवली आहे. खानापूर, चंदगड, आजरा या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

१९५९ च्या कायद्यातही हा विचार स्पष्ट दिसतो. पीकसंरक्षणाला आधी तोंडाने भरायची बंदूक. तेवढ्याने भागत नाही असे अधिकाऱ्याला पटले, तरच दुसरी. म्हणजे शेतकऱ्याने कोणती बंदूक घ्यावी हे त्याच्या खांद्यावरून किंवा नजरेवरून ठरत नव्हते. डुक्कर पळेल एवढी ताकद हवी, आणि सरकारला भीती वाटेल एवढी नको, या दोन टोकांच्या मधे जी बसली ती ठासणीची.

ती चालवायची कशी, हे आता सांगणारेही कमी झाले. नळी उभी धरून मापाने दारू ओतायची, वर चिंधी, गजाने ठासायचे, मग छर्रे, परत चिंधी, परत ठासायचे. शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. पावसात टोपी दमट झाली की नुसता टक्‌ आवाज. एक बार काढल्यावर दुसऱ्याला मिनिटभर तरी लागे. आजोबांची उंची सहा फुटांजवळ होती आणि ती बंदूक जवळजवळ त्यांच्या छातीइतकी. माझ्या हातात ती आली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. माझ्यासाठी ती लांब आहे की जड, हे कुणी विचारलेही नाही. "घट धर, डोळं मिटू नको," एवढेच शिक्षण. डोळे मिटलेच, आणि खांदा आठवडाभर काळानिळा होता.

मानाची बंदूक

दुनळी मात्र वेगळ्या वाटेने घरात आली. बेळगावचा कॅम्प हा फौजेचा जुना तळ. तिथले साहेब लोक खानापूरकडच्या जंगलात शिकारीला जात, संस्थानिकांच्या शिकारी तर प्रसिद्धच. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शिकारीच्या वस्तू आणि हत्यारे आजही पाहायला मिळतात. लंडनचे नामांकित कारागीर गिऱ्हाइकाच्या हाताचे, मानेचे, गालाचे माप घेऊन त्याच्या अंगाला बसेल अशी बंदूक करून देत. कोटासारखीच. पण ही चैन राजे-महाराजांची. स्वातंत्र्यानंतर अशा वापरलेल्या विलायती बंदुका हळूहळू गावोगावच्या सधन घरांत आल्या. दुसऱ्याच्या मापाचा कोट आपण अंगात घालावा, तशा.

आप्पांनी १९५२ साली कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून ही दुनळी घेतली. बर्मिंगहॅमची, दोन नळ्या शेजारी शेजारी, दस्ता अक्रोडाचा. आप्पांनी तिने तितर किती मारले माहीत नाही, पण लग्नाच्या वरातीत आणि पाटलाच्या बैठकीत ती पुष्कळ मिरवली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा उरलासुरला विषय संपला.

तिच्या परवान्याची वही हा मात्र आमच्या सीमाभागाचा छोटासा इतिहासच आहे. पहिल्या पानावर मुंबई राज्याचा शिक्का. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, त्यानंतरच्या पानांवर म्हैसूर राज्य. १९७३ नंतर कर्नाटक. अक्षरे आधी इंग्रजी-मराठी, मग कानडी. आप्पांना कानडी बोलता यायचे, वाचता यायचे नाही. दर तीन वर्षांनी नूतनीकरणाला गेले की कारकुनाकडून पान वाचून घेत आणि घरी येऊन म्हणत, "बंदूक तीच, घर तेच, आपलं सरकार तेवढं बदलतंय." शेवटच्या पानांवर बेळगावचे बेळगावी झाले, ते २०१४ नंतरचे. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. सीमाभागात वातावरण तापले तरी जमा. परवाना बेळगाव जिल्ह्यापुरता. म्हणजे कोगनोळी नाका ओलांडून चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरला ती कधी कायद्याने गेलीच नाही.

दुनळी नातीला का चालत नाही

नातीला मी आधी दुनळीच्या नळ्या काढून त्यांच्या खालची बाजू दाखवली. इंग्लंडमध्ये प्रत्येक बंदूक विकण्याआधी सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये जास्तीच्या दाबाने उडवून तपासावी लागते आणि तसे शिक्के नळीवर मारले जातात. आमच्या दुनळीवर चौकटीत १२ चा आकडा आहे, 'नायट्रो प्रूफ, १ १/८ औंस' अशी अक्षरे आहेत आणि अडीच इंच असे माप आहे. म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, जास्तीत जास्त सुमारे ३२ ग्रॅम छऱ्यांसाठी, आणि अडीच इंची काडतुसासाठी. १९५४ पूर्वीची ही जुनी पद्धत.

बारा बोअर म्हणजे काय, हेही तेव्हाच सांगितले. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळे केले तर वीस बोअर, नळी बारीक. म्हणजे आकडा मोठा तशी बंदूक लहान. नात म्हणाली, "उलटंच की!" उलटंच आहे.

आता धोका कुठे, तर त्या अडीच इंचात. आजची क्लेची काडतुसे बहुधा पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटर. हे माप काडतूस उडून तोंड उघडल्यानंतरचे असते. त्यामुळे न उडालेले लांब काडतूसही जुन्या आखूड घरात निमूट बसते. बार होतो तेव्हा त्याचे तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. आपल्या घरोघरी अशा जुन्या दुनळ्या आहेत. "काडतूस बसतंय की" एवढ्यावर विश्वास ठेवू नये. आप्पा खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे वापरत, पण डब्यावरचे माप बघून घेत. हा त्यांचा गुण मला तेव्हा किरकिर वाटे. कानात मात्र त्यांनी कधी काही घातले नाही. उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, आणि म्हातारपणी आप्पांना डाव्या कानाने कमी ऐकू येई.

दुसरी अडचण मापाची. हाताचा कोपर काटकोनात वाकवून बंदुकीचा दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट चापापर्यंत पोचते का ते बघायचे, ही जुनी ढोबळ रीत. नातीचे बोट चापाच्या इंचभर मागे राहिले. प्रौढ माणसाच्या बंदुकीचा दस्ता चापापासून साधारण साडेचौदा इंच असतो. तिच्या वयाच्या, तिच्या अंगाच्या मुलीला साडेबारा-तेरा लागतो. लांब दस्त्याची बंदूक उचलताना बगलेत अडकते, मग पोर पाठीतून मागे कलते, तोल जातो आणि दणका खांद्याऐवजी दंडावर बसतो. नेम चुकायची सुरुवात तिथेच.

तिसरी गोष्ट डोळ्याची. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर अंगठा धरायचा आणि एकेक डोळा मिटून बघायचे. ज्या डोळ्याने अंगठा खांबावरच राहतो, तो आपला मुख्य डोळा. नात उजव्या हाताची, पण डोळा निघाला डावा! उडत्या चकतीवर नळीची माशी बघत बसायला वेळ नसतो, डोळाच माशीचे काम करतो. त्यामुळे तिने डाव्या खांद्यावरून शिकणे सोपे. दुनळीचा दस्ता उजव्या हाताच्या माणसासाठी किंचित बाहेर वळवलेला. म्हणजे तीही बाद.

मग पहिली बंदूक कोणती?

इथून पुढचे मी रेंजवरच्या प्रशिक्षकांना आणि दोन-चार जुन्या नेमबाजांना विचारून लिहितो आहे.

आधी खेळ समजून घ्यावा. पूर्वी पिंजऱ्यातून जिवंत कबुतरे सोडून त्यांच्यावर नेम धरत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही तशी स्पर्धा झाली. मग काचेचे गोळे आले आणि १८८० साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीच्या चकतीचे पेटंट घेतले. आजची चकती चुनखडी आणि डांबराची, ११ सेंटिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची. ट्रॅपमध्ये नेमबाजापुढे १५ मीटरवरच्या खंदकातून ती वेगवेगळ्या कोनांत दूर जाते, स्कीटमध्ये दोन बाजूंच्या घरांतून समोरून आडवी जाते. ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ चकत्या. काडतुसात छर्रे २४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे इथे ताकदीची चढाओढ नाही, सगळ्यांना शिसे सारखेच.

आता आपला प्रश्न. लोकांना वाटते पोर लहान तर बंदूक हलकी घ्या, सगळ्यात छोट्या बोअरची घ्या. चारशे दहा नावाची अगदी बारीक नळीची बंदूक असते, ती बघायला गोजिरवाणी. पण तिच्यात छर्रे मूठभरही नसतात. चांगल्या नेमबाजाचीही चकती निसटते. नवशिक्याने दिवसभरात दोन फोडल्या तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही.

हलक्या बंदुकीत दुसरीही गोम आहे. तेच काडतूस हलक्या बंदुकीतून उडाले तर दणका जास्त, जड बंदुकीतून उडाले तर कमी. क्लेची वर-खाली नळ्यांची बारा बोअर बंदूक साडेतीन किलोच्या वर भरते, वीस बोअर पावणेतीन-तीन किलोची. म्हणजे २४ ग्रॅमचे काडतूस घातले तर वीस बोअर उचलायला सोपी, पण खांद्याला कडक. बारा बोअर खांद्याला मऊ, पण पंचवीस चकत्यांच्या फेरीत शेवटच्या दहाला हात थरथरतात. हात थरथरले की नळी चकतीच्या मागे राहते.

यातून मार्ग असा निघतो. पोर किरकोळ अंगाचे असेल तर वीस बोअर, आखूड दस्ता आणि २१ ग्रॅमची हलकी काडतुसे. अंगाने भरलेले असेल, किंवा वर्ष-दोन वर्षांत भरणार असेल, तर सरळ बारा बोअर, पण त्यातही हलकी काडतुसे. स्पर्धेत बहुतेक सगळे शेवटी बारा बोअरवरच येतात. दस्ता असा घ्यावा की मागे रबरी पट्ट्या लावून वाढवता येईल आणि गाल टेकायची पट्टी वर-खाली करता येईल, कारण चौदाव्या वर्षीचे माप सोळाव्या वर्षी राहत नाही. दस्ता कापून आखूड करायचा असेल तर कापलेला तुकडा जपून ठेवावा, पोर वाढले की परत जोडता येतो. नळीच्या तोंडाचा आवळ सुरुवातीला सैल ठेवावा, म्हणजे छर्रे पसरतात आणि चकती फुटण्याचा आनंद लवकर मिळतो. ट्रॅपसाठी लागणारा घट्ट आवळ नंतर बसवता येतो. आणि पैसे मोजताना बंदुकीच्या किमतीवर थांबू नये. नियमित सराव करणाऱ्याचा काडतुसांचा खर्च बघता बघता बंदुकीच्या पुढे जातो.

पण सगळ्यांनी एकमुखाने सांगितले ते वेगळेच. "पहिल्या वर्षी बंदूक घेऊच नका." क्लबच्या, अकादमीच्या दोन-तीन बंदुका चालवू द्या, अंगाला काय बसते ते अंगच सांगेल. भोपाळच्या मनीषा कीर यांचे उदाहरण यासाठी फार बोलके. वडिलांबरोबर तलावात मासे धरणाऱ्या घरातली ही मुलगी. मध्य प्रदेशच्या राज्य अकादमीत ती घडली आणि २०१८ साली चांगवॉनला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्यपदक घेऊन आली. घरात बंदूक असणे ही या खेळाची पहिली पायरी आता राहिलेली नाही. एके काळी होती. बिकानेरचे महाराजा करणीसिंह १९६० ते १९८० दरम्यान पाच ऑलिंपिक खेळले, १९६२ ला कैरोला जागतिक रौप्य मिळवले. त्यांच्या राजवाड्यात बंदुकांची काय कमी? २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोडांनी डबल ट्रॅपचे रौप्य मिळवले ते लष्करातून आले. महालाकडून छावणीकडे आणि छावणीकडून कोळ्याच्या घराकडे, असा हा खेळ सरकत आला आहे.

घरातला निर्णय

कायद्याने २१ वर्षांखाली स्वतःच्या नावाचा परवाना मिळत नाही. ही मर्यादा पूर्वी १६ होती, १९८३ च्या दुरुस्तीने वाढली. पण बारा वर्षे पूर्ण झालेल्याला देखरेखीखाली सरावाची मुभा आहे. म्हणजे नात शिकू शकते, बंदूक मात्र कुणा मोठ्याच्या परवान्यावर लागेल. मुलगा बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. त्याच्या नावे परवाना काढायचा तर पत्त्याचाच घोळ. उरलो मी. आणि माझ्या परवान्यावर आधीच दोन बंदुका आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्याही त्यातच मोजायच्या. नातीची तिसरी यायची असेल, तर आजोबांची नाही तर आप्पांची जायला हवी.

बरेच दिवस याच्यावर घरात बोलणे चालले. आमची ही म्हणाली, "ठासणीची द्या, तिचा काय उपयोग?" खरे आहे, रानाला आता झटक्याची तार आहे, त्या बंदुकीचा बार होऊन पंचवीस वर्षे झाली. पण तिच्यावर आजोबांच्या हाताचा घट्टा आहे, आणि या भागातल्या शेतकऱ्याने कोणत्या अटीवर बंदूक बाळगली, याचा पुरावाही आहे. दुनळी सुंदर आहे, किमतीची आहे. पण ती कधीच आमच्यापैकी कुणासाठी केलेली नव्हती. साहेबाच्या मापाची, आप्पांच्या मिरवण्याची, आणि आजच्या काडतुसाला धोक्याची. शेवटी मी ठरवले की वेळ आली की दुनळी परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची.

वेळ आली की, असे म्हणतो, कारण अजून बंदूक घेतलेली नाही. नात सुट्टीत हैदराबादला जाऊन तिथल्या बंदुकीने शिकते. पहिल्या दिवशी पंचवीसपैकी तीन फुटल्या, परवा अकरा. डाव्या खांद्यावरून. दस्ता पावणेतेरा इंचाचा बसतो, असे प्रशिक्षकांनी कागदावर लिहून दिले आहे, आणि सहा महिन्यांनी परत मोजा म्हणून बजावले आहे. आमच्या घरात बंदुकीच्या आधी माणसाचे माप घेतले गेले, ते या वेळी पहिल्यांदा.

दुनळी जाणार म्हटल्यावर तिला थोडे वाईट वाटले. "मग आज्जा, खंडेनवमीला काय मांडायचं?" मी म्हटले ठासणीची आहे की, आणि पुढेमागे तुझी येईल. ती म्हणाली माझीला माळ नको, झेंडूचा रस लागतो लाकडाला. ते मला पटले.

दुनळीच्या परवान्याची वही मात्र जाऊ द्यायची नाही असे ठरवले आहे. तिच्या सगळ्या पानांच्या छायाप्रती मंडळाच्या दप्तरात देत आहे. मुंबई, म्हैसूर, कर्नाटक, सगळे शिक्के त्यात आहेत. सभासदांच्या घरी अशा जुन्या वह्या असतील, ठासणीच्या असोत की दुनळीच्या, तर त्याही आणून दाखवाव्यात. चार गावच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर आपल्या भागात कुणाला, कशासाठी आणि कोणती बंदूक मिळाली, हे आजच्यापेक्षा जास्त नीट सांगता येईल. आणि घरात जुनी बंदूक असेल, तर कुणा उत्साही पोराच्या हातात देण्याआधी तिच्या नळ्या उलट्या करून खालचे आकडे एकदा वाचावेत, ही विनंती.